रोबोटला आधी वाट चुकू द्या

पावसाळ्यात खेड-चिपळूणच्या पट्ट्यात रुळांवर दरड आली की कोकण रेल्वेच्या लांब पल्ल्याच्या गाड्या पुणे-मिरज-लोंढा मार्गे वळवतात. आता ग्राफ थिअरीचा, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या कडा यांच्या जाळ्याच्या गणिताचा, पेपर घेतलेल्या मुलाला विचारा: खेड ते चिपळूण ही कडा ‘ब्रिज’ आहे का, म्हणजे ती काढून टाकली तर ग्राफचे दोन तुकडे होतात का? कागदावर रोहा ते मडगाव एवढाच मार्ग काढला असेल तर उत्तर ‘हो’. पुणे, मिरज, लोंढाही काढले असतील तर ‘नाही’, कारण चिपळूणहून मडगावच्या बाजूने उलटं फिरून खेड गाठता येतं. आणि रत्नागिरीच्या फलाटावर पिशव्या घेऊन बसलेल्या माणसाच्या दृष्टीने पुन्हा ‘हो’, कारण एवढा वळसा घालून खेडला कुणी जात नाही.

तिन्ही उत्तरं बरोबर आहेत. कुठली ठिकाणं शिरोबिंदू मानली, कुठल्या वाटा कडा मानल्या आणि कडेवर वजन कशाचं लिहिलं (वेळेचं की अंतराचं), यावर उत्तर ठरतं. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत हा निर्णय विद्यार्थ्याला घ्यावाच लागत नाही. ग्राफ छापूनच येतो, बिंदूंना नावं दिलेली असतात, कडांवर आकडे लिहिलेले असतात. सगळ्यात अवघड काम दुसऱ्या कुणीतरी उरकलेलं असतं आणि उरलेलं मुलं पाठ करून लिहितात. ज्या किनारपट्टीवर दर पावसाळ्यात खरोखरीच्या कडा तुटतात, तिथे तरी हा विषय असा शिकवला जाऊ नये.

म्हणून माझी मागणी अशी: कोकणातल्या ज्या महाविद्यालयांत ग्राफ थिअरी शिकवली जाते, तिथे गणिताच्या वर्गात चाकांवर चालणारा साधा रोबोट आला पाहिजे. ‘मुलांना रस वाटतो’ हे त्याचं कारण असू नये. नवलाई दोन प्रात्यक्षिकांत ओसरते. खरं कारण वेगळं आहे. शिरोबिंदू म्हणजे नेमकं काय, हे सांगितल्याशिवाय रोबोट जागचा हलत नाही.

एक छोटा प्रयोग घ्या. पांढऱ्या फ्लेक्सवर काळ्या रेघेचं वर्तुळ काढा आणि त्यावर सहा ठिकाणी एकसारख्या आडव्या रेघा मारा. रोबोटला सांगा, आडवी रेघ म्हणजे शिरोबिंदू, एकूण किती आहेत ते मोज. तो मोजतो: पाच, सहा, सात, आठ, आणि मग बॅटरी उतरेपर्यंत मोजतच राहतो. त्याच्या दृष्टीने प्रत्येक रेघ नवीच आहे. सहा बिंदूंचं वर्तुळ, साठ बिंदूंचं वर्तुळ आणि न संपणारा सरळ रस्ता या तिघांत त्याला फरक करताच येत नाही. पुस्तकातल्या अल्गोरिदममध्ये ‘भेट दिलेले बिंदू’ ही यादी पहिल्याच ओळीत फुकट मिळते. इथे कळतं की ती फुकट नाही; बिंदूला ओळख असेल तरच ती यादी करता येते. चक्रव्यूहातून बाहेर पडण्याचा त्रेमोचा एकोणिसाव्या शतकातला नियम वाटांवर खुणा करत जायला का सांगतो, हे वर्गात निराळं समजावून सांगावं लागत नाही.

यासाठी लागणारा रोबोट अगदी साधा आहे. दोन पिवळ्या बीओ मोटर, ६५ मिलिमीटरची दोन चाकं, एक कॅस्टर (मोकळं फिरणारं छोटं चाक), आर्डुइनो उनो हा छोटा नियंत्रक बोर्ड, मोटर ड्रायव्हर, पाच इन्फ्रारेड सेन्सरची पट्टी, आरसी ५२२ हा कार्ड रीडर आणि १८६५० मापाचे दोन लिथियम सेल. सुटे भाग घेतले तर एक रोबोट दोन हजार रुपयांच्या आसपास उभा राहतो. चार विद्यार्थ्यांमागे एक पुरतो. सहा जणांत एक दिला तर दोघं-तिघं नुसते बघत राहतात. बंद डब्यातले तयार संच घेऊ नयेत. त्यांची बॅटरी किंवा एखादी पट्टी गेली की तसाच भाग रत्नागिरीत किंवा कणकवलीत मिळत नाही, आणि सगळा संच कपाटात जातो.

बिघाड कुठे होतात हे आधीच माहीत असलेलं बरं. एल २९८ एन हा ड्रायव्हर सगळीकडे मिळतो, पण सुमारे दोन व्होल्ट तो स्वतःच खातो. दोन सेलच्या ७.४ व्होल्टपैकी साडेपाचच्या आसपासच मोटरपर्यंत पोचतात, आणि सेल उतरत गेले की वळण अपुरं पडू लागतं. म्हणून ‘अर्धा सेकंद वळ’ असं कधीही लिहू नये. ‘मधल्या सेन्सरला पुन्हा काळी रेघ दिसेपर्यंत वळ’ असं लिहावं. सेन्सरची पट्टी चाकांच्या सात-आठ सेंटिमीटर पुढे असते. सेन्सरला चौक दिसताक्षणी वळलं तर रोबोट चौकाच्या अलीकडेच गिरकी घेतो आणि रेघ सोडतो. आधी तेवढं अंतर पुढे जायचं, मग वळायचं. कार्ड रीडरला ३.३ व्होल्टच लागतात, घाईत ५ व्होल्टच्या पिनला जोडला तर तो कायमचा जाऊ शकतो. खाली लोखंडी टेबल असेल तर कार्ड वाचलं जात नाही, तेव्हा फ्लेक्स फरशीवर अंथरावा. दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून ऊन आलं की सेन्सर आंधळे होतात, कारण उन्हातही इन्फ्रारेड असतंच. पडदा ओढावा आणि काळ्या-पांढऱ्याची पातळी सुरुवातीला तिथल्या तिथे मोजून घ्यावी.

आपल्याकडे पहिलं सत्र म्हणजे पाऊस. दमट हवेत चिकटवलेल्या काळ्या टेपच्या कडा सुटतात आणि कॅस्टर त्यांत अडकतो, म्हणून रेघा फ्लेक्सवरच दोन सेंटिमीटर रुंद छापून घ्याव्यात, त्याही मॅट. चकचकीत छपाईवर सेन्सरला काळंही पांढरं दिसतं. फ्लेक्सची घडी न घालता तो पीव्हीसी पाइपवर गुंडाळून ठेवावा. खाऱ्या हवेने जंपर वायरींच्या पिना खराब होतात आणि मग दोष कोडमध्ये शोधण्यात तास जातो. वायरी झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवल्या तर हा त्रास बराच टळतो.

इथे गणिताच्या शिक्षकांचा एक रास्त आक्षेप येतो: हे सगळं करता करता सत्र संपेल आणि ग्राफ थिअरी राहून जाईल. मुलांनीच सोल्डरिंगपासून सुरुवात करायची म्हटली तर तसंच होईल. म्हणून रेघ पकडून चालण्याचा, चौक ओळखण्याचा आणि कार्ड वाचण्याचा कोड मुलांना तयार द्यावा. जोडणी आणि दुरुस्ती इलेक्ट्रॉनिक्सच्या किंवा भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळा सहायकाकडे असावी. विद्यार्थ्याने लिहायचं एकच फंक्शन: आपण कुठल्या चौकात आहोत आणि कुठल्या वाटेने आलो हे कळल्यावर पुढे डावीकडे, उजवीकडे, सरळ की मागे? सगळी ग्राफ थिअरी त्या एका फंक्शनमध्ये मावते.

आता नकाशा. दहा फूट बाय आठ फुटांच्या फ्लेक्सवर बारा ठिकाणं घ्या: दापोली, खेड, चिपळूण, दाभोळ, धोपावे, गुहागर, तवसाळ, जयगड, गणपतीपुळे, रत्नागिरी, हातखंबा, संगमेश्वर. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या दोन फेरीबोटी, बाकी रस्ते. शेजारच्या ठिकाणांना जोडत गेलं की तेरा कडा होतात. पण कोकणातला कुठलाही विद्यार्थी लगेच विचारील, गुहागरहून रत्नागिरीला जाणारा भातगावचा पूल कुठे गेला? हा प्रश्न वर्गातूनच येऊ द्यावा, शिक्षकांनी आधी सांगू नये. ती चौदावी कडा मुलांनी भांडून घालून घ्यायची आहे. आबलोली हा शिरोबिंदू हवा की नको, आरे-वारेची किनाऱ्याची वाट धरायची की निवळीची, हा वाद तासभर चालला तरी चालू द्यावा.

मग कार्डांचा हिशोब. प्रत्येक वाटेच्या तोंडाशी, चौकापासून दहा-बारा सेंटिमीटर अलीकडे, फ्लेक्सखाली एक कार्ड ठेवायचं. येताना ते वाचलं की रोबोटला गाव कळतं आणि कुठल्या वाटेने आलो हेही कळतं. चौकातून बाहेर पडताना पुढच्या वाटेचं कार्ड वाचलं की वळण बरोबर झाल्याची खात्री पटते. किती कार्डं मागवायची? गुहागरला चार, चिपळूण आणि रत्नागिरीला तीन-तीन, बाकी नऊ गावांना दोन-दोन: एकूण २८. दुसऱ्या बाजूने मोजलं तर चौदा कडा, प्रत्येकीला दोन तोंडं, म्हणजे २८. सगळ्या डिग्रींची (एका बिंदूला किती कडा मिळतात ती त्याची डिग्री) बेरीज कडांच्या दुप्पट असते हे प्रमेय खरेदीच्या यादीतच सिद्ध होतं, आणि यादी चुकली तर कार्डं कमी पडतात.

याच फ्लेक्सवर गणितज्ञ ऑयलरचा १७३६ सालचा प्रश्न घालावा: प्रत्येक वाट एकदाच आणि एकदाच चालायची. विषम डिग्रीची गावं दोनच आहेत, चिपळूण आणि रत्नागिरी, म्हणजे चिपळूणला निघून रत्नागिरीला संपणारी फेरी असायला हवी. बहुतेक गट ‘न चाललेली कुठलीही वाट घे’ एवढंच लिहितात. रोबोट चिपळूणहून संगमेश्वर, हातखंबा, रत्नागिरी, भातगावच्या पुलावरून गुहागर, मग तवसाळ, जयगड, गणपतीपुळे करत रत्नागिरीला येतो आणि थांबतो. रत्नागिरीच्या तिन्ही वाटा संपल्या. चालून झाल्या आठ, राहिल्या सहा: चिपळूण, खेड, दापोली, दाभोळ, धोपावे, गुहागर आणि परत चिपळूण. सिद्धांत म्हणतो फेरी आहे, आणि रोबोट तर फरशीवर अडकून उभा आहे. वर्गातला सगळ्यात मोलाचा क्षण हा आहे. इथे शिक्षकांनी घाईने उत्तर सांगू नये.

चूक गुहागरला झाली. तिथे पोचल्यावर उरलेल्या ग्राफमध्ये गुहागर-तवसाळ ही कडा ब्रिज झालेली होती. ती ओलांडली की उत्तरेच्या वेढ्याकडे परतायची वाटच राहिली नाही. दुसरा काही पर्याय असेपर्यंत ब्रिज ओलांडायचा नाही, हा फ्लरीचा नियम. उलट, राहिलेल्या सहा वाटांचं एक बंद कडं झालेलं आहे, ते गुहागरच्या जागी पहिल्या फेरीत शिवून टाकलं तरी काम होतं. ही हिअरहोल्ट्सरची १८७३ सालची युक्ती. उरलेल्या वाटांचं नेहमी बंद कडंच का होतं, याची सिद्धता मग मुलं स्वतः मागतात, कारण त्यांच्या डोळ्यांसमोर ते कडं पडलेलं असतं. आणि जाता जाता एक गोंधळही सुटतो: भातगावचा पूल हा खराखुरा पूल असला तरी या ग्राफमध्ये ब्रिज नाही, तर गुहागर-तवसाळ हा साधा डांबरी रस्ता ऐनवेळी ब्रिज होतो.

ऑयलरच्या प्रश्नातले क्योनिग्सबर्ग शहराचे मूळचे सात पूल मात्र या रोबोटला तसेच्या तसे देता येत नाहीत. तिथल्या बेटाची डिग्री ५ आहे आणि पाच सेन्सरची पट्टी सरळ, डावी, उजवी एवढ्याच वाटा ओळखते. तीस सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ काढून त्यातून पाच वाटा बाहेर काढाव्या लागतात. पण मग बेट हा एक बिंदू राहिला की पाच बिंदूंचा वेढा झाला? वेढ्याच्या कडा मोजायच्या की नाही? हा प्रश्न प्रश्नपत्रिकेत घालण्याच्या तोडीचा आहे.

फेरीबोटीच्या दोन कडा खाडीच्या आहेत, आणि त्या नेहमीच्या वजनात बसत नाहीत. दाभोळच्या वाटेवर एसजी ९० या छोट्या सर्व्होने हलणारं फाटक बसवा, दर मिनिटाला पंधरा सेकंद उघडणारं. विसाव्या सेकंदाला आलेला रोबोट चाळीस सेकंद थांबतो, पाचव्या सेकंदाला आलेला थेट जातो. कडा तीच, वजन आल्या वेळेनुसार वेगळं. सर्वांत कमी वजनाची वाट शोधायची डाइक्स्ट्राची १९५९ सालची रीत इथेही चालते, पण एका अटीवर: आधी आलेला कधीही नंतर आलेल्याच्या मागून पोचता कामा नये. फेरीबोटीला ही अट लागू पडते. ती का लागते, हे समजलं की पाठ केलेली रीत समजलेली रीत होते. जंगल जेटीच्या, म्हणजे इथल्या फेरीबोटीच्या, रांगेत उभं राहिलेल्या कुणालाही हा ग्राफ परका वाटणार नाही.

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडालं, तेव्हा कडा नाही, शिरोबिंदूच गेला. फ्लेक्सवर चिपळूणच्या चौकात एक जाडजूड वही ठेवा आणि फेरीबोटीच्या दोन्ही कडा बंद करा, कारण तशा हवेत फेरीबोट चालत नाही. खेड, दापोली, दाभोळ एका बाजूला राहतात आणि बाकी सगळं दुसऱ्या बाजूला. आता भातगावची कडाही काढा: तीन तुकडे होतात, आणि मधल्या तुकड्यात गुहागर, धोपावे, तवसाळ एकटे पडतात. किनाऱ्यावर कुठला पूल आधी व्हावा, मदतीचं साहित्य पावसाआधी कुठे ठेवावं, अशा चर्चा आपल्याकडे वर्षानुवर्षं आवाजाच्या जोरावर चालतात. हा फ्लेक्स समोर ठेवून त्या चर्चा करू शकणारे पदवीधर रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गाला हवे आहेत.

‘मग संगणकावर सिम्युलेशन करा, तेही फुकट’ हा दुसरा आक्षेप. हजार बिंदूंच्या ग्राफसाठी सिम्युलेशनच हवं, त्यात वाद नाही. पण तिथे वळायला वेळ लागत नाही. फरशीवर चार बाय चार चौकांची जाळी काढा, १६ बिंदू, २४ कडा, प्रत्येक कडा ६० सेंटिमीटर. सेकंदाला २० सेंटिमीटर वेगाने एक कडा ३ सेकंदांत होते आणि एक वळण समजा १.२ सेकंद खातं. एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायला सहा कडांच्या २० वाटा आहेत, कागदावर सगळ्या सारख्याच लांबीच्या. एकच वळण घेणाऱ्या दोन वाटांना १९.२ सेकंद लागतात, पायऱ्यापायऱ्यांनी पाच वळणं घेणाऱ्या दोघींना २४. आता ‘मधल्या चौकापर्यंतची सर्वांत जलद वाट’ पुरेशी राहत नाही. तिथे कुठल्या दिशेला तोंड करून पोचलो हेही लागतं. म्हणजे शिरोबिंदू बदलला: चौक आणि दिशा मिळून एक, एकूण ६४. त्यांचा मॅट्रिक्स, म्हणजे कुठून कुठे वाट आहे हे सांगणारा ६४ बाय ६४ घरांचा तक्ता, प्रत्येकी एका बाइटचा केला तरी ४,०९६ बाइट होतात, आणि नेहमीच्या उनोची (आर ३) रॅम आहे २,०४८. कंपायलर तिथेच अडवतो. फक्त असलेल्या वाटांची यादी मात्र मावते, कारण प्रत्येक स्थितीतून फार तर चार वाटा निघतात. मॅट्रिक्स की यादी, हा पुस्तकातला दोन गुणांचा प्रश्न इथे रोबोट चालणार की नाही हे ठरवतो.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर आहे, आणि तो मला पूर्ण मान्य आहे: दहा वेळा रोबोट बरोबर पोचला म्हणून काहीच सिद्ध होत नाही. याच जाळीवर सगळ्या २४ वाटा चालून सुटल्या जागी परतायला सांगा. गट ३२, ३० करत खाली येतात आणि २८ वर थांबतात. पण २७ जमणारच नाही हे फरशी सांगत नाही, फळाच सांगतो: विषम डिग्रीचे आठ बिंदू, त्यांच्या जोड्या लावायला किमान चार कडा पुन्हा चालाव्याच लागतात. प्रत्येक प्रात्यक्षिकाचा शेवटचा अर्धा तास रोबोट बंद करून सिद्धतेला दिलाच पाहिजे. तो वेळ देणार नसतील तर रोबोट आणूच नयेत.

आणि काही गोष्टींपासून रोबोटला लांबच ठेवावं. मुंबई विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख राहिलेल्या शरच्चंद्र श्रीखंडे यांच्या नावाचा ग्राफ आहे: १६ बिंदू, प्रत्येकाची डिग्री ६, कडा ४८. तेवढेच बिंदू, तेवढ्याच डिग्री, तेवढ्याच कडा असलेला आणखी एक ग्राफ आहे, तरी दोघे एक नाहीत. एकात कुठल्याही बिंदूच्या सहा शेजाऱ्यांचा षटकोन होतो, दुसऱ्यात दोन त्रिकोण. हे कागद, पेन्सिल आणि शांत तास यांचं काम आहे.

राहिला गुणांचा प्रश्न. रोबोट शर्यतीत पहिला आला म्हणून गुण देण्याची सवय मोडायला हवी, नाहीतर मुलं सगळा वेळ मोटरचा वेग वाढवण्यात घालवतात. प्रात्यक्षिकाचे निम्मे गुण एका कागदाला असावेत: कुठली ठिकाणं घेतली, कुठली सोडली, वजन वेळेचं की अंतराचं, आणि का. पाव गुण सिद्धतेला, उरलेले तोंडी परीक्षेला. तोंडी परीक्षेत परीक्षकाने एकच करावं. विद्यार्थ्याच्या फ्लेक्सवरची एक कडा झाकावी, समजा भातगावची, रोबोट चिपळूणला ठेवावा, आणि तो सुरू करण्याआधी विचारावं: सगळ्या वाटा एकेकदा चालून हा आता कुठे थांबेल?